एनिडबाईंची चार फुटांची वाट

आमच्या लोअर ब्रॅम्सटनमध्ये कुणाशी वाकडं आलं म्हणून लोक बोलणं टाकत नाहीत. उलट जास्तच गोड बोलायला लागतात. एखादी बाई दुसरीला रोज सकाळी न चुकता "काय छान हवा पडलीये नाही!" असं म्हणायला लागली, की गावानं ओळखावं, ह्या दोघींचं काहीतरी जबरदस्त बिनसलंय. मी अर्धं आयुष्य गावातलं पोस्टाचं दुकान चालवत आलोय. कोण कुणावर जळतंय हे मला तिकीट चिकटवायच्या पद्धतीवरून कळतं. त्यामुळे एनिड प्रॉसर जेव्हा माझ्या गल्ल्यासमोर फेअरब्रास साहेबांना म्हणाल्या, "तुमच्या गुलाबांना काय बहर आलाय हो!", तेव्हा मी हातातली पावती खाली ठेवली आणि मनात म्हटलं, मेला हा माणूस.

एनिडबाई म्हणजे ठेंगण्या, रुंद, मोहरीच्या रंगाचा एकच कोट उन्हापावसात घालणाऱ्या. जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात कस्टर्ड ढवळलं. गावातल्या पन्नाशीच्या आतल्या प्रत्येक माणसाला त्यांनी कधी ना कधी "कोबी संपव आधी" म्हणून दरडावलेलं. त्यातले दोघे आता कौन्सिलवर निवडून आलेत, तरी त्यांना बघून ताट लपवल्यासारखे हात मागे घेतात. कमरेचा उजवा सांधा गेल्यापासून त्यांना वाकता येत नाही. म्हणून बिनलेसचे, पाय सरकवून घालायचे बूट. हे बूट ध्यानात ठेवा, पुढे लागतील.

त्यांचा नवरा क्लेम. चर्चच्या मनोऱ्यात सहा घंटा आहेत, त्यांतली सगळ्यांत मोठी क्लेम ओढायचा. बापाच्या हातून दोर त्याच्या हातात आला होता. सहा माणसं गोल उभी राहून ओळीनं दोर ओढतात, तेव्हा शेवटचा ठोका मोठ्या घंटेचा पडतो. तो चुकला तर सगळी ओळ लंगडते. क्लेमचा कधी चुकला नाही. बाकी आयुष्यात त्यानं वेळेवर असं काहीच केलं नाही, स्वतःच्या लग्नालासुद्धा उशिरा आला, पण घंटा म्हणाल तर अचूक.

प्रॉसरांचं घर खालच्या गल्लीत, चर्च वर. मधे जुना पाद्रीबंगला. खालच्या गल्लीतून निघायचं, प्रॉसरांच्या कुंपणाच्या बाहेरून, बंगल्याच्या कुरणाच्या कडेनं, मग बंगल्याच्या हिरवळीवरून थेट चर्चच्या मागच्या दाराशी. हलक्या चढाची, जवळची वाट. गावातली प्रेतं ह्याच वाटेनं खांद्यावरून न्यायची असा रिवाज. रस्त्यानं जायचं तर टेकडीला वळसा, आणि चढ असा की सायकलवाले उतरून चालतात.

ह्या वाटेची एक गंमत होती. बंगल्यात पूर्वी पाद्री राहायचे, आणि जो येईल तो पाद्री दर गुड फ्रायडेला सकाळी फाटकाला साखळी लावायचा. एक दिवस. दुसऱ्या दिवशी काढायचा. आम्हाला वाटायचं, काहीतरी धार्मिक असेल. धार्मिक कसलं! आमच्या देशात लोक वीस वर्षं अडथळ्याविना चालले की वाट सगळ्यांची होते. वर्षातून एक दिवस अडवली, की मालक म्हणू शकतो, वाट माझी, तुम्ही चालता ती माझी मेहरबानी. पाद्री मंडळी देवाकडे डोळे लावून बसलेली असली तरी जमिनीवरची नजर काढत नसत.

मग चर्चनं बंगला विकला आणि फेअरब्रास साहेब आले. लंडनला दारूचा व्यापार केलेले, म्हणजे ते वाइन म्हणत, आम्ही सफरचंदाची सायडर पिणारे सगळ्याला दारूच म्हणतो. उंच, गोरटेले, मखमली बंडी घालणारे. त्यांच्या वकिलानं साखळीची गोष्ट शोधून काढली आणि साहेबांनी फाटकाला कुलूप घातलं. एका दिवसाचं नव्हे, कायमचं. फळी लावली: खासगी.

गाव कुरकुरलं. पबमध्ये दोन आठवडे क्रांती झाली. मग सगळे रस्त्यानं जायला लागले. क्लेमचे गुडघे आणि छाती दोन्ही तेव्हा उतरणीला लागलेली. घंटा ओढणाऱ्यांनी गाडीनं नेतो म्हटलं. थोडे दिवस गेला. मग म्हणाला, "बटाट्याच्या पोत्यासारखं मला कुणी पोचवायला नको." एनिडबाईंना गाडी येत नाही. शेवटी एका ओल्या नोव्हेंबरात क्लेम स्वतः बंगल्याच्या दारात जाऊन उभा राहिला. टोपी हातात. रविवार आणि सरावाची संध्याकाळ, एवढ्यापुरतं फाटक उघडाल का, म्हणून विचारायला. साहेब दारातूनच म्हणाले, "आज तुम्ही, उद्या अख्खं गाव. माफ करा हं." आणि दार लावलं.

क्लेमनं मागच्या अंगणात स्वतःच्या हातानं एक शेड बांधलेली होती. तिथे त्याची आरामखुर्ची, आणि खिळ्याला त्याच्या घंटेचा जुना दोर, मुठीशी लोकरीचा लाल-निळा पट्टा असलेला. पुढच्या दोन हिवाळ्यांत तो रविवारी शेडच्या दारात बसायचा. वर घंटा सुरू झाल्या की त्याचे हात मांडीवरच वर-खाली व्हायचे. मोठी घंटा आता बेकरीवाला ओढायचा, आणि बेकरीवाल्याचा ठोका उशिरा पडायचा. दर वेळी क्लेमचा चेहरा दाढेला कळ लागल्यासारखा व्हायचा. हे मी पाहिलंय.

तो गेला तेव्हा त्याची शवपेटी खांद्यावरून गेली नाही. गाडीतून, रस्त्यानं गेली. आणि टेकडीच्या चढावर पुढे निघाला शेणखताचा ट्रॅक्टर. चर्चपर्यंत क्लेम प्रॉसरची अंत्ययात्रा शेणाच्या मागोमाग, बैलाच्या चालीनं. एनिडबाई मागच्या गाडीत काच वर करून ताठ बसलेल्या. फेअरब्रास साहेबांनी लिलीचं भलंमोठं पुष्पचक्र पाठवलं होतं. ते एनिडबाईंनी घरी आणलं आणि खताच्या खड्ड्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी दुकानात साहेब भेटले, तेव्हाच ते गुलाबांच्या बहराचं वाक्य झालं. तेव्हापासून रोज हवा छान पडायला लागली.

आता क्लेम वर, चर्चच्या आवारात. ह्या खाली. कमरेचा सांधा गेलेला. नवऱ्याच्या थडग्याशी जायचं तर कुणाच्या तरी गाडीसाठी हात पसरायचा. घरातून त्यांना त्याच्या थडग्यावरच्या दगडाचं टोक दिसायचं, बंगल्याच्या हिरवळीपलीकडे. दिसायचं आणि जाता यायचं नाही.

आता साहेबांचा स्वभाव सांगतो, कारण त्यांनी आपली मान स्वतःच सुरीखाली दिली. त्यांना इतिहासाचा नाद. शहरातून आलेल्या माणसाला गावाचा इतिहास गावकऱ्यांपेक्षा जास्त लागतो. आम्हाला आमचे पूर्वज माहीत असतात, म्हणून तर आम्ही विषय काढत नाही. साहेबांनी गावच्या हॉलमध्ये वर्ग काढला: घरबसल्या आपलं गाव ओळखा. दर मंगळवारी दुपारी. जुन्या जनगणना, जुनी वर्तमानपत्रं, चर्चच्या नोंदी, नकाशे, सगळं आता इंटरनेटवर चढवलेलं आहे, ते कसं शोधायचं ते हे शिकवणार. प्रोजेक्टर त्यांचा, चहा चर्चचा.

आम्ही सगळे गेलो. प्रत्येकाच्या मनात गुपचूप एकच, की आपण कुण्या सरदाराच्या आडवाटेच्या वंशातले निघू. निघालं काय? बेकरीवाल्याच्या खापरपणज्याला पावात तुरटी मिसळल्याबद्दल दंड झालेला. माझा एक पूर्वज रविवारी प्रवचनाच्या वेळी डुकरांची झुंज लावताना पकडलेला. चर्चमध्ये फुलं सजवणाऱ्या एका बाईंच्या पणजीच्या लग्नाची तारीख आणि पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्याची तारीख इतकी जवळ निघाली, की त्या दोन मंगळवार आल्या नाहीत. अहाहा, काय हिवाळा गेला तो!

एनिडबाई पहिल्या दिवसापासून पहिल्या रांगेत. बरोबर शहाजिऱ्याचा केक.

"मिसेस प्रॉसर, तुम्हाला इतिहासात रस आहे हे मला माहीतच नव्हतं!" साहेब खूश.

"अहो, क्लेम गेल्यापासून घर खायला उठतं. तुमच्यासारखा शिकवणारा मिळाला म्हणून." आणि केकचा मोठा तुकडा.

मी त्यांना बाहेर गाठलं. "एनिड, काय चाललंय तुझं?"

"शिकतेय."

"त्याच्याकडून?"

"मग काय तुझ्याकडून? तुझ्याकडं डुकरं आहेत फक्त."

साहेबांना विद्यार्थिनी फार आवडली. तिला घरी संगणक नाही म्हणून आपला जुना दिला. वर्तमानपत्रांच्या साइटला वर्गणी लागते, तर आपलाच पासवर्ड दिला. पासवर्ड काय, तर त्यांच्या कुत्र्याचं नाव. एनिडबाई म्हणाल्या, "मला वाटलंच होतं, बायकोचं नसणार."

घरी बसून त्या काय शोधत होत्या ते मला ठाऊक होतं. वाट. जुन्या पेपरांत त्यांना वाटेवरून झालेली भांडणं सापडली, एका पाद्र्यानं कुणाच्या तरी गाढवावर घातलेला खटला सापडला, पण वाट सगळ्यांची होती असं छातीठोक सांगणारं काही मिळेना. पाद्र्यांची साखळी सगळीकडे आडवी येत होती. साखळीच्याही आधीचं काहीतरी हवं होतं.

आणि ते साहेबांनीच आणून दिलं.

फेब्रुवारीतला मंगळवार. साहेब आले ते नाचतच. जिल्ह्याच्या अभिलेखागारानं नवा नकाशा साइटवर टाकला होता. दोनशे वर्षांपूर्वी गावचं मोकळं रान कुंपणं घालून वाटलं गेलं, त्या वाटणीचा सरकारी नकाशा. रंगीत, स्वच्छ. साहेबांनी तो हॉलच्या भिंतीवर टाकला, एवढा मोठा की वरचं टोक छताला आणि खालचं टोक केकच्या टेबलावर. खालची गल्ली तर अख्खी शहाजिऱ्याच्या केकवर पडून वेडीवाकडी झालेली.

"आणि हे पाहा माझं घर!" साहेब नकाशाच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. "हा देवदार तेव्हाही होता! जेवणघराची खिडकी तेव्हा नव्हती, ती नंतरच्या एका पाद्र्यानं बाहेर काढून बांधली..." देवदार, धुराडी, तबेले. पंधरा मिनिटं.

साहेब प्रकाशात उभे असल्यामुळे नकाशाचा तेवढा भाग त्यांच्या अंगावर पडला होता. आणि त्यांच्या मखमली बंडीवरून, एका खिशाकडून दुसऱ्या खिशाकडे, बटणांवरून, तपकिरी ठिपक्यांची एक रेघ चालली होती. नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलं होतं: तपकिरी ठिपके म्हणजे सार्वजनिक पायवाटा. हॉलमध्ये चाळीसेक डोळे होते, त्यांतले बरेचसे केकवर. एनिडबाईंचे तेवढे साहेबांच्या पोटावर.

त्या हळूच माझ्याकडे वाकल्या. म्हणजे वाकता येत नाही, कलल्या. "पोस्टमास्तर, माणसाच्या पोटावरून रस्ता गेलेला कधी पाहिलायस?"

नकाशाबरोबर त्याचा मजकूरही होता, पण जुन्या वळणदार अक्षरातला. आमच्यापैकी कुणाच्या बापाला वाचता आला नसता. साहेबांना यायचा. आता एनिडबाईंनी जे केलं ते मी नुसतं आठवलं तरी मला अजून सायडरचा ठसका लागतो. त्यांनी वाटेबद्दलचा परिच्छेद घरी छापला, कात्रीनं एकेक शब्द कापला, आणि दर मंगळवारी दोन-तीन कपटे साहेबांपुढे ठेवायला लागल्या.

"हे काय असेल हो, मिस्टर फेअरब्रास? मला तर कोंबडीचे पाय वाटतात."

साहेब भिंग लावायचे. "हे... 'सर्वकाळ'. छान अक्षर आहे. आणि हे 'चार फूट'."

"आणि हे?"

"'प्रेत'. बापरे, मिसेस प्रॉसर, काय वाचताय तुम्ही!"

"माहेरचं काहीतरी आहे. केक घ्या ना."

असं करत करत ईस्टरपर्यंत साहेबांनी आपल्या फाशीचा दोर स्वतःच वळून दिला. घरी एनिडबाईंनी कपटे पुन्हा जोडले, तेव्हा वाक्य झालं: खालच्या गल्लीपासून चर्चच्या मागच्या दारापर्यंत चार फूट रुंदीची वाट, ह्या गावच्या व परगावच्या सर्व लोकांसाठी, जिवंतांसाठी व प्रेतांसाठी, सर्वकाळ. आणि आमच्या कायद्यात अशी वाट एकदा सगळ्यांची झाली की पुढे कुणी शंभर साखळ्या लावल्या तरी ती मरत नाही.

वर्गाच्या शेवटच्या दिवशी साहेबांनी उत्तम विद्यार्थ्याचं बक्षीस ठेवलं होतं, वाइनची बाटली. ती अर्थात एनिडबाईंना. त्यांनी ती टाळ्यांच्या गजरात घेतली आणि दुसऱ्या दिवशी माझ्याच पोस्टातून जिल्हा कौन्सिलला अर्ज धाडला. नकाशा, मजकूर, आणि खाली शब्द वाचून दिल्याबद्दल मिस्टर ह्यूगो फेअरब्रास यांचे आभार.

अर्जाची प्रत मालकाला जातेच. साहेब दुकानात आले तेव्हा चेहरा उकडलेल्या बिटासारखा. "तुम्हाला हे ठाऊक होतं?" मी म्हटलं, "साहेब, मी फक्त तिकिटं विकतो. हवा मात्र छान पडलीये."

पण माणूस कच्चा नव्हता. पुढचे कितीतरी महिने, कौन्सिलचा कारभार चालू असताना, तो नकाशावर झोपायचा बाकी राहिला असेल. आणि त्याला सापडलं. आमच्या नजरेतून जे सुटलं होतं ते. केकवर पडलेलं टोक.

खालच्या टोकाला वाट प्रॉसरांच्या कुंपणाबाहेरून जात नव्हती. आतून जात होती. क्लेमच्या आज्या-पणज्यांपैकी कुणीतरी दर वर्षी हातभर असं करत कुंपण बाहेर सरकवलं होतं. आमच्याकडे सभ्य लोक जमीन अशीच चोरतात. लोक बिचारे कुंपणाच्या कडेकडेनं बंगल्याच्या कुरणात सरकत गेले. नकाशावरची खरी वाट एनिडबाईंच्या अंगणातून, स्वयंपाकघराच्या खिडकीखालून जात होती, आणि तिच्या बरोब्बर मधोमध उभी होती क्लेमची शेड.

साहेब एनिडबाईंच्या घरी आले. मी तिथेच चहाला बसलो होतो, आणि उठावंसं मला अजिबात वाटलं नाही. साहेबांच्या एका हातात नकाशा, दुसऱ्यात बाटली.

"मिसेस प्रॉसर, आपण शेजारी आहोत."

"हो ना. तुमचं कुलूप रोज आठवण करून देतं."

त्यांनी नकाशा टेबलावर पसरला, बोट ठेवलं. एनिडबाईंनी चष्मा लावला. बघितलं. बराच वेळ बघितलं. मी खिडकीतून शेडकडे पाहिलं. खुर्चीची पाठ दिसत होती आणि दोराचा लोकरीचा पट्टा.

"माझ्या कुरणातून मी एक इंच देणार नाही," साहेब म्हणाले. आवाज मऊ. "तुम्हाला नकाशा हवा, तर नकाशाप्रमाणे होईल. शेड पाडावी लागेल. उठल्यासुटल्या परकी माणसं तुमच्या खिडकीतून आत बघतील. मला ते बघवणार नाही. म्हणून मी एक सुचवतो." त्यांनी खिशातून किल्ली काढली, नवी कोरी, पितळेची. "अर्ज मागे घ्या. ही तुमची. हवं तेव्हा फाटक उघडा, थडग्याशी जा. तुम्ही असेपर्यंत."

खरं सांगतो, मला वाटलं संपलं. बाईला हवं होतं ते टेबलावर पडलं होतं. नवऱ्याचं थडगंही, नवऱ्याची शेडही. मी टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला, घे म्हणून.

एनिडबाईंनी किल्ली उचलली. तळहातावर वजन केल्यासारखी धरली. "एक विचारते. हीच क्लेमला का नाही दिलीत?"

"त्यांनी मागितली असती तर..."

"मागितली होती."

"नाही हो. माझी त्यांची कधी भेटच नाही झाली."

"तुमच्या दारात उभा होता. टोपी हातात धरून. पावसात."

साहेबांनी खरोखर आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या घातल्या, छताकडे बघितलं. माणूस खोटं बोलत नव्हता. "मला खरंच काही आठवत नाही," ते म्हणाले.

एनिडबाईंनी किल्ली त्यांच्या बंडीच्या खिशात परत ठेवली. वरून खिसा थोपटला. "हवा छान पडलीये," त्या म्हणाल्या. "चालत जा घरी. रस्त्यानं."

साहेब गेल्यावर मी म्हटलं, "अगं वेडे, घ्यायची होतीस की! तुला वर जायला मिळालं असतं. शेड राहिली असती."

"आठवतोय, चुकलो, असं म्हणाला असता तर घेतलीही असती," त्या म्हणाल्या. "त्याला आठवतसुद्धा नाही रे. माझा नवरा त्या दारातून आला आणि टोपीसकट आतल्या आत मेला, आणि ह्याला आठवत नाही. आता मी अशी तजवीज करते की त्याला दुसरं काही आठवणारच नाही."

पुढच्या शनिवारी त्यांनी घंटेवाल्यांना पहारी घेऊन बोलावलं. कौन्सिलचा निकाल यायचा होता, पण त्यांना थांबायचं नव्हतं. पहिली फळी त्यांनी स्वतः उचकटली. बेकरीवाल्यानं हळूच विचारलं, "वाईट नाही वाटत, एनिड?"

"वाटतंय ना. फार वाटतंय. ते सगळं मी त्याच्या जेवणाच्या टेबलावर नेऊन वाढणार आहे. तू पहार नीट धर. घंटेसारखा उशीर करू नकोस."

कौन्सिलची अधिकारी मापं घ्यायला आली, तेव्हा प्रॉसरांच्या अंगणात शेड नव्हती, कुंपणाला दोन्हीकडे चार-चार फुटांची खिंडारं होती आणि मधे झाडून काढलेली वाट. ती पोरगी म्हणाली, असा अर्जदार तिनं जन्मात पाहिला नव्हता. बंगल्याच्या बाजूनं मात्र तिला टेप धरायला कुणी आलं नाही. निकाल लागला. वाट सार्वजनिक. कुलूप निघालं, आणि टेप चालत चालत हिरवळीवरून गेली ती जेवणघराच्या बाहेर काढून बांधलेल्या खिडकीला घासून. इतकी जवळ की वाटसरूला आत हात घालून मीठ मागता यावं.

उद्घाटनाचा दिवस एनिडबाईंनी निवडला. गुड फ्रायडे. दुसरा कुठला असणार?

दुपारी, साहेबांकडे लंडनचे पाहुणे मासा खायला बसलेले असताना, आम्ही खालच्या गल्लीतून निघालो. सगळे घंटेवाले. फुलंवाल्या बाई, पणजीच्या पापासह. मी. प्रत्येकाच्या हातात गुड फ्रायडेचा कढत गोड पाव. सगळ्यांत पुढे मोहरीचा कोट, आणि कोटाच्या खांद्यावर क्लेमचा जुना दोर, गुंडाळी करून. शेडच्या जागेवरून जाताना त्या थांबल्या नाहीत. खाली बघितलंही नाही. खिडकीशी मात्र थांबल्या. आत सगळ्यांचे काटे हवेत राहिलेले. एनिडबाईंनी शांतपणे पाव खाल्ला. शेवटचा घास गिळला. काचेवर टकटक केली आणि म्हणाल्या, "मिस्टर फेअरब्रास! चुकून त्रास नाही ना होत?" आणि कमरेवर हात टेकत, पाय ओढत, वर क्लेमकडे गेल्या. आम्ही मागे राहिलो. तिथे काय बोलल्या ते मला ठाऊक नाही, आणि मला ठाऊक नसलेली गावातली ही एकच गोष्ट आहे.

बक्षिसाची बाटली त्यांनी त्या दिवशीही उघडली नाही. उघडायचं निमित्त अजून आलेलं नाही म्हणतात. साहेबांच्या दारावर घर विकण्याची पाटी लागेल तेव्हा.

बरं, एवढ्यावर भागलं असेल असं वाटतं तुम्हाला? पायी भटकणाऱ्यांची एक साइट असते, लोक तिथे वाटा सुचवतात. साहेबांनी दिलेल्या संगणकावरून एनिडबाईंनी आमची वाट तिथे चढवली, फोटोंसकट. खाली लिहिलं: लाल विटांच्या घराच्या खिडकीतून आतली तैलचित्रं सुरेख दिसतात, रविवारी दुपारी प्रकाश चांगला असतो, अवश्य थांबावं. आता रविवारी बसगाड्या भरून येतात. बर्मिंगहॅमहून येतात. एनिडबाईंच्या स्वयंपाकघरातही डोकावतात, त्या ओट्याशी भांडी घासत असताना. मी एकदा म्हटलं, "तुलाही त्रासच की गं. पडदा तरी लाव." तर म्हणाल्या, "बघू दे. मी मोजते. इथून जितके जातील तितकेच त्याच्या खिडकीवरून जाणार."

साहेबांनी झाडं लावून पाहिली. चार फुटांत आली म्हणून कौन्सिलनं काढायला लावली. पडदे लावले, मग दिवसाढवळ्या दिवे लावून जेवायची वेळ आली, तेव्हा तेही काढले. वर्ग बंद झाला. दुकानात येतात, वाकून पावती घेतात. काही बोलत नाहीत. हवेबद्दलसुद्धा नाही.

आणि एनिडबाई रोज जातात. पाऊस, बर्फ, काही असो, दुपारच्या जेवणाच्या वेळेला. परवा मीही मागून चाललो होतो. खिडकीशी त्या थांबल्या, काचेच्या कडेला हात टेकला, आणि उभ्याच्या उभ्या, न वाकता, एक पाय जरासा पुढे करून बुटाकडे बघत राहिल्या. आत साहेबांनी सूपचा चमचा खाली ठेवला.

"काय झालं, एनिड?"

"काही नाही रे. बुटाची लेस सुटलीये. बांधते नि येते. तू हो पुढे."

मी पुढे झालो. वरच्या दाराशी पोचून मागे पाहिलं, तर अजून बांधत होत्या.